दोनशे सतरावा वेढा

प्रणोती ताकसांडे ओहायोहून परत आली
ती कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून.
गोधडी आईनं जाताना दिलेली, तीच.

प्लगाला दोन चपटे पाय.
ते विमानतळावर घेतलेल्या अडॅप्टरात बसले,
अडॅप्टर आमच्या भिंतीतल्या गोल भोकांत बसला,
तिनं बटन दाबलं
आणि अंगणवाडीपर्यंत ऐकू गेलं: फट्ट.
मग वास.
मोटर जळाल्याचा वास मला झोपेतही कळतो.
हा जरा गोडसर होता.

"अडॅप्टर लावला होता ना, उकंडाभाऊ."
"बाई, थो फक्त चप्पल बदलते. पोट थोडीच बदलते?
हे एकशे दहावर वाढलेलं लेकरू,
तू त्याले दोनशे तीसच्या पंगतीत बसवलं."
मंदाबाई मधेच म्हणाल्या,
"मी म्हणतच होती, दोन दिवस इथलं ऊन तं सोसू दे त्याले."

दुकानात पाच एचपीच्या दोन मोटरी उघड्या पडलेल्या,
त्यांच्यामध्ये जागा करून डबा ठेवला.
मागच्या बाजूला, वायरीच्या भोकाशेजारी,
नखाएवढं लाल बटन. त्यावर लिहिलेलं एकशे पंधरा.
पेचकसाच्या टोकानं सरकवलं,
तर दोनशे तीस.
"इतकं सोपं होतं?"
"जळायच्या आधी सोपं होतं," मी म्हणालो.

मेलेल्या टीव्हीतले दोन कंडेन्सर,
काचेचा एक फ्यूज, अर्धा दिवस.
आधी शंभरच्या बल्बाच्या सिरीजमध्ये घेतला.
बल्ब भपकन पेटला, मग मंदावला.
म्हणजे शॉर्ट नाही, जीव आहे.

मॉनिटरला मात्र तसं बटन नव्हतं.
त्याच्या पाठीवर एकच आकडा, एकच देश.
त्याच्यासाठी ट्रान्सफॉर्मर गुंडाळावा लागला.

दुपारी लाइन नसते.
वेढे मोजायला लाइन लागत नाही.
एका व्होल्टाला दोन वेढे,
आधी चारशे साठ, वर कागद,
मग जाड तारेचे दोनशे वीस.
ती समोर स्टुलावर, पायाशी तांब्याच्या तारेचे तुकडे.
आधी चारशे साठ होईपर्यंत काहीच बोलली नाही.
दुसऱ्या थराला तिनं तिकडच्या बर्फाचं सांगितलं,
मी मान हलवली. एकशे बारा.
भाड्याच्या खोलीचं. एकशे साठ.
मोजताना मी बोलत नाही, हे पिंपळखुट्यात सगळ्यांना माहीत,
गाय सुटली तरी मला कोणी हाक मारत नाही.
आणि दोनशे सतराव्या वेढ्याला
ती का परत आली, ते तिनं सांगितलं.

कान उघडे होते माझे.
पण तोंडात आकडा होता.
दोनशे अठरा. एकोणीस. वीस.
तार कापली, टोकं खरवडली, वर पाहिलं,
तर ती बाहेर हापशीवर तोंड धूत होती.
आता काय विचारणार? पुन्हा सांग?

संध्याकाळी लाइन आली, तीही एकशे ऐंशीच,
सगळ्यांचे पंप एकदम सुरू झाले की तेवढीच उरते.
पडद्यावरचं चित्र दोन्ही बाजूंनी आत सरकलं,
कोपऱ्यातल्या घड्याळात अजून सकाळ.
"घड्याळ बदल ना," मंदाबाई म्हणाल्या.
"बदलीन," ती म्हणाली.

दोन वर्षं झाली. ट्रान्सफॉर्मर टेबलाखाली घूं घूं करतो,
मांजर त्याला पाठ लावून झोपते.
फाट्यावर लोक विचारतात,
काऊन आली ते परत? तुले तं सांगितलं म्हणते.
मी व्हार्निशचा ब्रश घासलेटात बुडवतो,
म्हणतो, व्हय, सांगितलं.

मग? काय म्हणे?

दोनशे सतरा, मी सांगतो,
आणि ते हसतात. मीही हसतो.
पण कधीकधी वाटतं,
त्या दिवशी मोजणारा मी एकटा नव्हतो.